कालपर्यंत तं बरोबर होती

मे महिन्याचा तिसरा आठवडा, दुपारचा दीड. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाची सावली जेमतेम हातभर पडली होती आणि त्या हातभर सावलीत नाक खुपसून एक राखाडी सात सीटर डिझेल गाडी उभी होती. चारही इंडिकेटर लुकलुकत होते, बॉनेट वर केलेलं होतं आणि आतून निघणारी वाफ त्या कोरड्या हवेत दोन वितींवर विरून जात होती. आजी मागच्या दारातून पाय बाहेर सोडून बसल्या होत्या, डोक्यावर ओला पंचा. दोन मुलं, त्यांची आई, सोबत पाहुणे दिसणारं एक जोडपं. गाडीचा मालक टॉवेलची घडी करून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेणार, तेवढ्यात पलीकडच्या रसवंतीवाल्याने चरक थांबवून हाक मारली, "भाऊ, झाकनाले हात नका लावू! तोंडावर येईन थे!" हात मागे आला. मालकाने कपाळावरचा घाम पुसला आणि कोणाकडेच न बघता म्हटलं, "कालपर्यंत तं बरोबर होती."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात ठाण मांडून बसलं आहे. नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर तासभर उभं राहिलं की ते दोन-चारदा कानावर पडतं. म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या सीटवरून, त्याच्या डोळ्यांसमोरच्या काट्यांवरून गाडी खरोखर कालपर्यंत बरोबरच असते. पण बॉनेटखाली बघणाऱ्याला तीच गाडी महिनाभर, कधी वर्षभर काहीतरी सांगत असल्याच्या खुणा दिसतात. घरच्या गाडीचं तर आणखी वेगळं आहे. तिच्यात सात माणसं बसतात आणि तिचं दुखणं सात जणांत वाटलं गेलेलं असतं. एकाला आवाज ऐकू येतो, एकाला वास येतो, एकाला उकडतं. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याच्यापर्यंत हे सगळं एकत्र पोचतच नाही.

रसवंतीवाल्याने अडवलं ते किती बरोबर होतं, हे आकड्यांत बघावं. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत सुमारे एक बारचा दाब धरून ठेवते, त्यामुळे तेच मिश्रण १२५ ते १३० अंशांपर्यंत न उकळता टिकतं. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून बाहेर उसळतं. टॉवेल त्याला अडवू शकत नाही. चेहरा आणि हात भाजल्याच्या कितीतरी घटना अशाच घाईत होतात. गाडी गरम झाली की आधी एसी बंद करायचा, हीटर पूर्ण गरम बाजूला नेऊन ब्लोअर मोठा करायचा आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. भर उन्हाळ्यात हीटर लावायला मन धजत नाही, पण हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता ती आत ओढून घेते. लाल दिवा पेटलाच असेल तर इंजिन बंद. मग किमान पाऊण तास नुसतं बसून राहायचं. वरच्या जाड होज पाइपला हात लावून तो सहज धरून ठेवता आला, की मग कापड टाकून झाकण हळूहळू सैल करायचं. तापलेल्या इंजिनात थंडगार बाटलीचं पाणी ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अशा धक्क्याने वाकतं किंवा त्याला तडा जातो आणि मग हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा खर्च येतो, जो पंख्याच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.

तापमानाच्या काट्यावर लोकांचा फार विश्वास असतो. हल्लीच्या गाड्यांत तो काटा साधारण ८० अंशांपासून १०० च्या थोडं पुढेपर्यंत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, चालवणाऱ्याने उगीच काळजी करू नये म्हणून. तो मध्य सोडून वर सरकू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गाडीच्या संगणकाला जोडायच्या साध्या स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान आकड्यात दिसतं. ज्यांना उन्हाळ्यात भरल्या गाडीने वरचेवर लांब जायचं असतं, त्यांनी तो आकडा नेहमीच्या रस्त्यावर एकदा बघून लिहून ठेवावा. नेहमी ९२ दाखवणारी गाडी त्याच रस्त्यावर १०२ दाखवू लागली, तर काटा काही म्हणो, काहीतरी बदललं आहे.

जुन्या जीपांचा पंखा इंजिनालाच पट्ट्याने जोडलेला असे. इंजिन फिरलं की पंखा फिरला, त्याला रुसायला जागा नव्हती. आता बहुतेक गाड्यांत तो विजेवर चालतो, आणि बॅटरीपासून पात्यांपर्यंत फ्यूज, रिले, कमी वेगासाठीचा रेझिस्टर, प्लग आणि मोटर अशी साखळी असते. वर्धा रोडच्या त्या गाडीचा पंखा फिरत होता, पण लग्नाच्या हॉलमधल्या दमलेल्या पंख्यासारखा. मोटरसायकलवरून आलेल्या मिस्त्रीने बॉनेटखाली वाकून पंख्याचा प्लग सोडवला आणि उजेडात धरला. पांढऱ्या प्लास्टिकची एक कड चहासारखी तांबूस झाली होती, एका पिनेभोवती तर वितळून चिकटली होती. हा रंग एका दिवसात येत नाही. मोटरचं बेअरिंग किंवा बुश सुकतं, तिला फिरायला जास्त करंट लागतो, पिनेवर उष्णता वाढते, पिनेची पकड सैल होते, सैल पकडीत रोध वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. असं चक्र दोन-तीन महिने चालतं. शेवटी मोटरपर्यंत १२ व्होल्टऐवजी ९ किंवा १० च पोचतात आणि पंखा नुसता घुटमळत राहतो. इथे पुष्कळ ठिकाणी फक्त प्लग कापून वायर थेट जोडून देतात. गाडी घरी पोचते, पण सुकलेली मोटर आता रिलेला किंवा फ्यूजच्या डब्याला जाळते. क्लॅम्प मीटर लावून मोटर किती अँपियर घेते हे बघायला दोन मिनिटं लागतात. फ्यूजच्या आकड्याच्या अगदी जवळ पोचणारी मोटर बदललीच पाहिजे, प्लग कितीही नवा घातला तरी.

एवढं कळायला मिस्त्री लागतोच असंही नाही. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करून एसी लावावा. थोड्याच वेळात समोरचा पंखा फिरायला लागला पाहिजे. तो लागला का, नेहमीच्याच जोरात लागला का, करकर करतो का, हे नुसतं उभं राहून ऐकायचं. पंखा बंद असताना आणि चावी हातात असताना पातं बोटाने फिरवून बघावं. ते घासत थांबलं किंवा वर-खाली हललं, तर बेअरिंग गेलं.

पाण्याबद्दल मात्र मला थोडं तळमळीने सांगायचं आहे. आपल्याकडे कूलंट कमी दिसलं की घरच्या बोअरचं पाणी घालायची सवय आहे. ज्या पाण्याने कूलरच्या जाळ्या आणि खस एका उन्हाळ्यात पांढऱ्या कडक होतात, तेच पाणी रेडिएटरच्या केसासारख्या बारीक नळ्यांत जातं. तिथेही तोच पांढरा थर बसतो, फक्त दिसत नाही. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होतात, पाण्याच्या पंपाची पाती आणि ॲल्युमिनियमचे भाग कुरतडले जातात. घालायचंच तर डिस्टिल्ड किंवा बॅटरीचं पाणी घाला, आणि पुढच्या आठवड्यात मिश्रणाचं प्रमाण तपासून घ्या. कूलंटचा रंग हिरवा, गुलाबी की निळा यावरून त्याची जात ठरत नाही, गाडीच्या पुस्तकात दिलेलं स्पेसिफिकेशनच बघावं लागतं. आणि बाटलीतलं कूलंट परत परत कमी होत असेल तर ते कुठेतरी जात आहे. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या छिद्राशी सुकलेला रंगीत ओघळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा आणि ॲल्युमिनियमचा जोड, होजच्या क्लिपा, हीटरच्या पाइपांचे जोड, सगळं बघायचं. कुठेच ओल नाही आणि तरी कमी होतं, थंड इंजिन चालू केल्यावर बाटलीत सतत बुडबुडे येतात, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसतो, तर शंका हेड गॅस्केटची.

याच पंख्याची दुसरी गोष्ट एसीत दिसते.

"हायवेवर चिल्ड आहे, सिग्नलला गरम हवा मारते," ही तक्रार घेऊन लोक एसीवाल्याकडे जातात आणि गॅस भरून येतात. चालत्या गाडीला वारा फुकट मिळतो, थांबलेल्या गाडीला पंखाच वारा देतो. पंखा कमजोर झाला की कंडेन्सरमधला, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीतला दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. दोघांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांचे किडे, सावरीचा कापूस, धूळ आणि चिखल यांची गोधडी तयार होते. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागे मात्र हवेची वाट बंद झालेली असते. कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने पुढे अशी धार द्यायची. वॉशिंग सेंटरवरची जोराची धार जवळून मारली तर पातळ पाकळ्या वाकतात आणि हवा कायमची अडते. आणि गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन किंवा रंगद्रव्य घालून आधी ती शोधायची, मग व्हॅक्यूम करून गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम हे बॉनेटखालच्या लेबलवर छापलेलं असतं. मागे वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या गाडीला जास्त गॅस लागतो. अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅसही थंडावा कमीच करतो, हे पुष्कळांना पटत नाही.

नागपूरचा उन्हाळा गाडीत नंतर बरेच महिने शिल्लक राहतो. बॅटरीचंच बघा. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ती रोज शेकत असते. आतली रासायनिक क्रिया ढोबळ हिशोबाने दर दहा अंशांना दुप्पट वेगाने चालते, प्लेटा गंजतात, पाणी उडतं. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून अर्धमेली बॅटरीही गाडी चालू करून देते. मग डिसेंबर येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी नाही, नुसती आठ-नऊ अंशांची पहाट असली तरी ऑइल घट्ट होतं, डिझेल इंजिन आधी तापवणारे ग्लो प्लग करंट ओढतात आणि सेल्फ एकदा "घुर्र" करून गप्प बसतो. लोक थंडीला दोष देतात, पण बॅटरीचा खरा घात नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत झालेला असतो. घरी पाचशे-सातशे रुपयांचा मल्टीमीटर असला की ही भानगड उलगडते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरीत दम उरलेला नाही. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.७ दिसले तर डायनामो चार्ज करतो आहे. हल्लीच्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये.

बॅटरी चांगली निघाली आणि सेल्फ तरी मंदच, तर पुष्कळ मिस्त्री सेल्फ उतरवायला घेतात. त्यांना थांबवून एक मोजमाप करायला सांगावं. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी ती विणलेली तांब्याची पट्टी चिखलापाण्याने आतून हिरवी होते. दोन नट सोडवून, बसायची जागा पॉलिश पेपरने घासून, परत घट्ट करून, वर पेट्रोलियम जेली. एवढ्यावर दहा-दहा हजारांचे सेल्फ वाचलेले आहेत. हेडलाइट मंद-तेज होणं, चेक लाइट मधूनच लागणं, पॉवर स्टिअरिंगचा दिवा उगीच येणं, हे सगळं कित्येकदा त्याच पट्टीचं काम असतं. एकापाठोपाठ पाच वेगवेगळे दिवे लागले की मनात पहिला संशय व्होल्टेजचा आणि अर्थिंगचा यावा, पाच सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत.

उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर कोणीतरी रात्री वीज पितं आहे. गाडी लॉक करून अर्धा तास जाऊ दिला की तिचे सगळे संगणक झोपतात, त्यानंतर ३० ते ५० मिलिअँपियरपेक्षा जास्त करंट जायला नको. बाहेरून लावलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, नंतर बसवलेलं म्युझिक, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे संशयित. मीटर अँपियरवर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

हिवाळ्यातला आणखी एक रहिवासी म्हणजे उंदीर. बंद केलेल्या इंजिनाची ऊब त्याला रात्री हवीच असते. तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवायची पद्धत आहे, ती काही दिवस चालते, पण वास उडाल्यावर बदलावी लागते. खरा उपाय म्हणजे गाडीत पोरांनी सांडलेलं खाणं साफ ठेवणं आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून बघणं. कुरतडलेली वायर पिळून टेप गुंडाळणं हे काम इथे सर्रास होतं आणि पहिल्याच पावसात ते उघडं पडतं. वायर क्रिंप किंवा सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी हवी. दोन बारीक वायरी एकमेकींना पिळलेल्या असतील तर त्या बहुधा गाडीच्या संगणकांच्या आपसातल्या बोलण्याच्या असतात. त्या जोडताना पीळ तसाच राखायचा. बॅटरी काढून त्या दोघींत मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एक टोक कुठेतरी तुटलेलं आहे.

आता झाडांकडे येतो. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठेत उन्हाळ्यात सावलीची जागा मिळणं म्हणजे भाग्य. कडुनिंबाखाली गाडी लावली की संध्याकाळी काचेवर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा असतो, कडवट गोड वास असतो. वायपर फिरवला की तो सडा काचेच्या खालच्या काळ्या जाळीत जातो. पुढे निंबोळ्या, पिकली पानं, गुलमोहराच्या पाकळ्या. जाळीखाली एक पन्हाळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं. जूनपर्यंत त्या भोकांत या सगळ्याचं काळं खत झालेलं असतं. पहिल्या मोठ्या पावसात पन्हाळी भरते, पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं, पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होतो आणि गाडीत कुबट वास सुटतो. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्यांचंही हेच. त्या साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारू नये, आतल्या जोडातून नळी निसटते आणि मग पाणी थेट छतावरून उतरतं. गवत कापायच्या यंत्राची गोल टोकाची नायलॉन दोरी हळूच सरकवायची, वरून वाटीभर पाणी सोडायचं आणि चाकामागे ते टपकतं का बघायचं. मेच्या शेवटच्या रविवारी हे दहा मिनिटांचं काम केलं, तर पावसाळा सुखाचा जातो. गालिच्याखाली वायरिंगचे जोड आणि काही गाड्यांत दारं, दिवे, वायपर सांभाळणारा संगणक असतो. तिथली ओल वरून दिसत नाही, गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघावा लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला, तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या भागात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पुढचे कित्येक दिवस शहरभर दारं उघडी टाकून, सीटा काढून उन्हात वाळत ठेवलेल्या गाड्या दिसत होत्या आणि नदीच्या गाळाचा वास त्यांच्यातून जात नव्हता. ज्यांनी पाणी ओसरल्यावर आशेने एकदा सेल्फ मारून बघितला, त्यांचं नुकसान सर्वांत मोठं होतं. पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेडमध्ये वर उरणारी जागा अगदी थोडी, ती भरेल एवढं पाणी आत असलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं असताना गाडी बंद पडली तरी हाच नियम. परत सेल्फ मारायचा नाही, बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघायचं. ओला असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावी लावायची नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, तिन्ही ऑइलं बदलायची. सीटखालच्या पिवळ्या प्लगांना मात्र कोणी हौसेने हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात. आणि वाळून चालू झालेली गाडीसुद्धा जानेवारी-फेब्रुवारीत, आकाश निरभ्र असताना, हिरव्या पडलेल्या पिनांमुळे अचानक दगा देते. तेव्हाही मालक तेच म्हणतो.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस सहा हे गाड्यांच्या धुराचे नियम आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आला. हा फिल्टर घरच्या वापराशी जमवून घेत नाही. मुलांची शाळा तीन किलोमीटर, ऑफिस पाच, संध्याकाळी भाजी. एवढ्यात सायलेन्सर तापतच नाही. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्याला दहा ते वीस मिनिटं सलग चाल लागते. त्या वेळी आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडा चढलेला असतो, एव्हरेज घसरतं, जळका गरम वास येतो, आणि गाडी बंद केली तरी पंखा घुमत राहतो. नेमक्या त्याच वेळी आपण घरी पोचून चावी काढतो. चार-सहा वेळा असं झालं की दिवा लागतो. शिवाय अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नये, ते पातळ झालेलं आहे, बदलावंच लागतं. आठवड्यातून एकदा बुटीबोरीपर्यंत किंवा आउटर रिंग रोडवर साठ-सत्तरच्या वेगाने, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून, अर्धा तास गाडी न्यावी. ऑइलही कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेलंच हवं. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि ज्यांची गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, तीही शहरातच फिरणार आहे, त्यांनी सात सीटर हवी असेल तर पेट्रोलची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पीडब्रेकरवरची "खट-खट" बहुधा लिंक रॉडची असते. तिथला खर्च किरकोळ. खड्ड्यात "धब्ब" असा बोदा आवाज आला तर खालच्या आर्मचे बुश तडकलेले असतात. शॉकअपवर तेलकट ओघळ दिसला तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. यात फार गूढ काही नाही, गाडी वर घेऊन पहार लावून हलवलं की कळतं.

टायरबद्दल मात्र घाईने सांगून भागत नाही, कारण आता दारातच शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो आणि तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी नागपूरच्या उन्हात पाच-सहा वर्षं काढलेलं रबर आतून कडक झालेलं असतं, वाकवलं की कडेला बारीक भेगा दिसतात. हवा सकाळी, घरून निघण्यापूर्वी, थंड टायरमध्ये मोजायची. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, दोन माणसांसाठीचा वेगळा आणि भरल्या गाडीचा वेगळा. सात माणसं आणि छतापर्यंत बॅगा असताना कमी आकड्याची हवा ठेवली, तर टायरची बाजू दर फेरीला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून फुटते. "सिमेंटचा रोड हाये, हवा कमीच ठेवा" हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो उलटा आहे. वाटेत तापलेल्या टायरचा आकडा चार-पाच पीएसआय वाढलेला दिसला तरी हवा सोडायची नाही, ती वाढ हिशोबात धरलेलीच असते.

वर्धा रोडवरच्या त्या दुपारी मिस्त्रीने गाडी तिथल्या तिथे जोडून दिली नाही, याचं मला बरं वाटलं. त्याने प्लग मालकाच्या हातात ठेवला, जळकी कड दाखवली आणि म्हणाला, "भाऊ, मोटर पन पाहा लागते. पट्ट्यावर नेऊ गाडी, चालवत नका नेऊ." टोचनची गाडी यायला वेळ होता. रसवंतीवाल्याने सगळ्यांना रस पाठवला. तेवढ्यात मुलांची आई, तो प्लग बघत, सावकाश म्हणाली, "आपण गाडी लावली की आधी पंखा घूं-घूं करायचा. पंधरा दिवसांपासून नुसता कण्हतो. मला वाटलं, बरं झालं, आवाज कमी झाला." आजींनी पंचा बाजूला केला. दाराशी गाडी थांबली की काहीतरी गोडूस, शिजल्यासारखा वास येतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं, तो वास रस्त्यावरचा असेल असं सगळ्यांना वाटलं. कूलंटचा वास गोडूसच असतो, तापून झाकणातून थोडंथोडं बाहेर पडत असणार. मालक दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. धाकटी मुलगी शेवटच्या ओळीतल्या सीटवर गुडघ्यांवर उभी होती, मागच्या काचेला तळवा टेकवून. ती म्हणाली, "बाबा, सिग्नलला मागे गरम हवा येते. मी सांगितलं होतं ना. गाण्याचा आवाज मोठा होता."

बाबांनी हातातला प्लग उलटा करून पुन्हा एकदा बघितला आणि मिस्त्रीला विचारलं, "मोटर किती अँपियर घेते, मोजून सांगाल का?"